शॉर्ट ट्रिकने तुमचा वेळ वाचत नाही

स्पर्धा परीक्षांच्या बाजारात सगळ्यात जास्त खपणारा माल म्हणजे शॉर्ट ट्रिक. काळ-काम-वेगाची एक, नळ-टाकीची एक, घड्याळाच्या काट्यांची एक. मी इंजिनिअर आहे, दिवसभर कोड लिहितो, तर्कावरच माझं पोट भरतं. म्हणून स्पष्ट सांगतो, या मालात भेसळ आहे.

एक ट्रिक तपासून बघू. 'अ' एक काम १० दिवसांत करतो, 'ब' १५ दिवसांत. दोघं मिळून किती दिवसांत करतील? ट्रिक सांगते, गुणाकार भागिले बेरीज. १५० भागिले २५, उत्तर ६. बरोबर. आता ३० दिवस घेणारा 'क' मदतीला आला. तीच ट्रिक लावा: ४५०० भागिले ५५, म्हणजे जवळपास ८२ दिवस! माणूस वाढला आणि काम रखडलं? ट्रिक पाठ करणारा आता तिघांसाठी नवी ट्रिक शोधतो. ज्याला गणित कळलंय तो लसावि काढून एकूण काम ३० भाग धरतो. रोज ३, २ आणि १ मिळून ६ भाग होतात. उत्तर ५ दिवस. माणसं दहा असली तरी रीत हीच.

'पण तेवढा वेळ कुठे असतो?' हीच भीती घालून ट्रिक्स विकल्या जातात. यूपीएससीच्या सीसॅटला १२० मिनिटांत ८० प्रश्न असतात, हे खरं. पण २०१५पासून तो पेपर फक्त पात्रतेपुरता आहे. २००पैकी ६६ गुण पुरतात. ४० प्रश्न सोडवले, ३० बरोबर आले, १० चुकले, तर ७५मधून ८.३३ वजा होऊन ६६.६७ उरतात. म्हणजे एका प्रश्नाला ३ मिनिटं मिळाली. बँकेच्या पूर्वपरीक्षेत ६० मिनिटांत १०० प्रश्न असतात, तिथे वेग लागतोच. पण तो वेगही समजलेली रीत पुन्हा पुन्हा वापरूनच येतो.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते दहावीनंतर गणित सुटलेल्यांचं. दोनशे ट्रिक्स पाठ करायच्या, परीक्षेत नेमकी हवी ती आठवत नाही, आणि मग 'माझं गणितच कच्चं' म्हणत आणखी एक वर्ष अभ्यासिकेत काढायचं. कच्चं तुमचं गणित नाही, शिकवणं आहे. ज्या ट्रिकमागचं 'का' तुमच्या सरांना सांगता येत नाही, तिचे पैसे देऊ नका.