'तंबाखू सोडा' एवढे सांगून भागत नाही

तोंडाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या रुग्णास डॉक्टर विचारतात, 'तंबाखू खाता? विडी ओढता?' रुग्ण मान खाली घालतो. 'आजपासून बंद,' असे त्याला बजावले जाते, केसपेपरवर तशी नोंद होते आणि पुढच्या रुग्णास हाक पडते. भूल देण्यास, रक्त चढविण्यास, टाके काढण्यास ज्या रुग्णालयात प्रशिक्षित माणसे असतात, तेथे तीस वर्षांचे व्यसन सोडविण्याचे काम मात्र बहुधा रुग्णाच्या इच्छाशक्तीवर सोपविलेले असते.

हा प्रश्न नीतीचा नसून वैद्यकाचा आहे. विडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवितो. निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते. जबड्याचा रोगग्रस्त भाग काढल्यावर तेथे कित्येकदा पायाचे हाड वा मांडीची त्वचा बसवावी लागते, आणि ती जगते ती जोडलेल्या बारीक वाहिन्यांतून रक्त वाहिले तरच. शस्त्रक्रियेपूर्वी चार आठवडे वा अधिक काळ धूम्रपान सोडणाऱ्यांत गुंतागुंत कमी होते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2020 मध्ये प्रसिद्ध केला. कर्करोगाची शस्त्रक्रिया त्यासाठी लांबविता येत नाही, हे खरे. परंतु निदान, तपासण्या, कागदपत्रे आणि खाटेची प्रतीक्षा यांत गोरगरिबांचे आठवडे तसेही जातातच! ते आठवडे वाया का दवडावेत? एका दिवसाच्या संयमानेही रक्तातील कार्बन मोनॉक्साइड बराचसा निघून जातो.

या व्यसनाचे मूळ कोठे आहे, हेही पाहिले पाहिजे. टाटा स्मारक रुग्णालय 1941 साली परळला, गिरणगावातच उभे राहिले. कापसाच्या खात्यात आगीच्या भयाने विडी पेटविण्यास बंदी. मग रात्रपाळीत झोप मारण्यासाठी कामगार गालात तंबाखू धरीत असे. रिकाम्या पोटी राबणाऱ्याची भूक तिने मरते. घरची बाई मशेरी लावते. ज्या श्रमव्यवस्थेने ही सवय पोसली तिला कोणी जाब विचारीत नाही. उपदेश ऐकावा लागतो तो रोग्याला. त्या उपदेशाच्या धाकाने तो खोटे बोलतो, 'सोडली, साहेब,' म्हणतो, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरला खरी स्थिती कळतच नाही. आमच्या मते या खोटेपणाचा दोष रुग्णाकडे कमी आणि विचारण्याच्या रीतीकडे अधिक जातो.

शासन काहीच करीत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. 2003 चा कायदा झाला, 2012 साली महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली, 2016 पासून दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळू लागला. गुटखाबंदीची टपरीवर काय दशा आहे, ते वाचक जाणतातच. आणि याच शासनाच्या आयुर्विमा महामंडळाकडे देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीचे सुमारे 15 टक्के भाग आहेत. लोकांच्या आयुष्याचा विमा उतरविणाऱ्या संस्थेने अशा धंद्याच्या लाभांशावर डोळा ठेवावा, यावर अधिक भाष्याची गरज नाही.

निकोटीनयुक्त च्युइंगगम व चिकटपट्टी ही जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत 2009 पासून आहेत. तंबाखूची पुडी गल्लोगल्ली चार पैशांत मिळते. हे औषध मात्र रोजंदारीवरच्या माणसाने पदरचे दाम मोजून आणावे काय? शिवाय ज्याचे तोंड दोन बोटांएवढेही उघडत नाही, त्याच्या हाती चघळण्याचे औषध देऊन उपयोग नाही. त्याला पट्टीच हवी, आणि हे ठरविण्यास त्याच्यासमोर दहा मिनिटे बसणारा माणूस हवा.

म्हणून आमची मागणी अशी की, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून होणाऱ्या प्रत्येक कर्करोग शस्त्रक्रियेच्या खर्चातच व्यसनमुक्तीचा सल्ला आणि औषध यांचा अंतर्भाव व्हावा. निदानाच्याच दिवशी रुग्णाची समुपदेशकाशी गाठ घालून द्यावी. त्याच्यासोबत आलेला भाऊ वा मुलगा फाटकाबाहेर मळीत उभा असतो; त्यालाही आत बोलवावे. ज्याची तंबाखू शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपर्यंत सुटली नाही, त्याचे उपचार त्या कारणावरून कोणी अडवू नयेत. आणि टाके निघून तो गावी परतला, की तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्याची पट्टी संपण्यापूर्वी दुसरी तयार असावी.