राजाचा नांगर आणि रयतेची कणगी

परदेशच्या प्रवासातला शेवटचा दिवस बहुधा बाजारहाटात जातो. पण चीनहून परतताना बीजिंगमध्ये, म्हणजे जुन्या पुस्तकांतल्या पेकिंगमध्ये, एक दिवस हाताशी असेल, तर शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाने तो दोन ठिकाणी घालवावा. एक ‘तियानतान’, म्हणजे स्वर्गाची वेदी. दुसरी तिच्यासमोरच, हमरस्त्याच्या पश्चिमेला असलेली आद्य शेतकऱ्याची वेदी. पहिल्या ठिकाणी चीनचा बादशहा चांगले पीक मागत असे. दुसऱ्या ठिकाणी तो स्वतः नांगर धरीत असे.

तियानतानला सकाळीच जावे. सरूच्या जुन्या झाडांखाली म्हातारी मंडळी पत्ते खेळत असतात, कुणी गात असते, कुणी नाचत असते. आत गेले की तीन थरांच्या संगमरवरी ओट्यावर निळ्या कौलांचे गोल मंदिर दिसते. तेच सुगीचे मागणे मागण्याचे मंदिर. ही वेदी १४२० साली बांधली गेली. मूळचे मंदिर १८८९ साली वीज पडून जळाले. आजचे १८९६ साली पुरे झाले. उंची सुमारे सव्वाशे फूट, सारे काम लाकडाचे, आणि त्यात लोखंडी खिळा नाही. आतले अठ्ठावीस खांब मोजून पाहावेत. मधले चार म्हणजे चार ऋतू, त्याभोवतीचे बारा म्हणजे बारा महिने, आणि बाहेरचे बारा म्हणजे दिवसरात्रीचे बारा प्रहर. चिनी प्रहर दोन तासांचा. शेतकऱ्याचे सारे वर्ष त्या खांबांवर उभे केले आहे. पूजेआधी बादशहाला तीन दिवस व्रत असे. त्या काळात मांस, मद्य, गाणेबजावणे वर्ज्य.

दुपारी समोरच्या वेदीकडे जावे. तिथे बादशहाचे खास शेत आहे, चिनी मापाने एक मू तीन फन. आजच्या मापाने हे साडेआठ गुंठ्यांच्या आसपास भरते. वसंत ऋतूत बादशहा इथे एका हाती नांगर, दुसऱ्या हाती चाबूक धरून तीन तास ओढी. तास म्हणजे घड्याळाचे नव्हेत बरे, नांगराचे! मग तो ओट्यावर बसून बाकीच्यांची नांगरट पाही. राजपुत्रांना पाच तास, मंत्र्यांना नऊ. या शेतातले धान्य देवकार्यासाठी वेगळ्या कोठारात ठेवीत. इकडे राणीही रिकामी नसे. रेशमाच्या किड्यांना तुतीचा पाला घालण्याचा विधी तिच्याकडे होता. पुढे या शेताच्या जागी शाळेचे मैदान झाले होते. अलीकडे ते मोकळे करून पुन्हा पेरले आहे.

एवढा मानाचा नांगर फिरला, म्हणून रयतेचे पोट भरले काय? इतिहासात याचे उत्तर आहे.

१७४३ साली बीजिंगभोवतालच्या मुलखात पावसाने दगा दिला. तेव्हा सरकारी कोठारे भरलेली होती. भाव पडले की सरकारने धान्य घ्यायचे आणि भाव चढले की स्वस्तात विकायचे, ही चीनची फार जुनी रीत. त्या कोठारांतून लाखो माणसांना कित्येक महिने धान्य मिळाले आणि मोठा संहार टळला. पुढे १८७६ ते १८७९ या काळात उत्तर चीनमध्ये पुन्हा अवर्षण पडले. वेदीवरचे मागणे दरबारातर्फे चालूच होते. पण तोवर कोठारे मोडकळीस आली होती, खजिना रिता झाला होता. सुमारे एक कोटी माणसे गेली.

बंधुभगिनींनो, ही साले आपल्याला परकी नाहीत. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ सोलापूर, नगर, विजापूरकडेही पडला होता. दोन्हीकडच्या अवर्षणामागे हवामानाचा एकच मोठा फेरा होता, असे शास्त्रज्ञ सांगतात. आणि इकडे माणसे अन्नावाचून मरत असताना हिंदुस्थानातले धान्य जहाजांत भरून विलायतेला चालले होते.

कोठार असले म्हणजे भागले, असेही नाही. १९५९ ते १९६१ या काळात चीनमध्ये त्याहून मोठा दुष्काळ पडला. अंमलदारांनी वरिष्ठांना खूश करण्यासाठी पिकाचे फुगवलेले आकडे कळवले, आणि त्या आकड्यांच्या हिशेबाने सरकारने खेड्यांतून धान्य उचलून नेले. ज्याने पिकवले, त्याच्याच घरात दाणा उरला नाही. कोट्यवधी माणसे मेली.

म्हणून ही दोन ठिकाणे पाहून जे मनात राहते, ते निळे मंदिर नव्हे. राजाने नांगर धरला, ही शोभा चांगली. त्याने शेतीचा मान वाढतो. पण अडचणीच्या साली माणूस जगतो तो साठवणीवर, खऱ्या आकड्यांवर आणि वेळेवर झालेल्या वाटपावर. आपल्या वाडवडिलांनी पेव खणले, कणग्या लिंपल्या, त्या उगाच नव्हेत. आज कणगीची जागा पत्र्याच्या कोठीने आणि गावच्या गोदामाने घेतली आहे. गोदामात काय आले नि काय गेले, याची नोंद ग्रामसभेत उघड वाचली जाते की नाही, एवढे प्रत्येकाने जरूर विचारावे.