सव्वा तासाची वाट

नकाशावर पट्टी ठेवून अंतरे मोजण्याचा छंद पुष्कळांना असतो. आफ्रिकेच्या नकाशात इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा आणि एरिट्रियाची राजधानी अस्मारा यांच्यावर अशी पट्टी ठेवून पाहा. ती जवळजवळ सरळ दक्षिणोत्तर पडेल. अंतर सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून विमानाने नागपूर गाठावे जवळपास तेवढेच. वेळ सव्वा तास. चहाचा पेला परत जातो न जातो, तोच पट्टे बांधायची सूचना होते.

ही वाट काही आजची नव्हे. इथिओपियन एअरलाइन्सचे पहिले नियमित विमान ८ एप्रिल १९४६ रोजी आदिस अबाबाहून कैरोला निघाले, ते अस्मारावरूनच. पुढे १९५२ साली एरिट्रिया संघराज्य म्हणून इथिओपियाला जोडला गेला, १९६२ साली पुरताच गिळला गेला आणि तीस वर्षांच्या लढ्यानंतर १९९३ साली स्वतंत्र झाला. राज्ये वेगळी झाली, पण घरे कशी वेगळी व्हावीत? नवरा इकडचा, बायको तिकडची, मुलांचे आजोळ सरहद्दीपलीकडे.

मे १९९८ मध्ये बाडमे या लहानशा गावावरून दोन देशांत युद्ध पेटले. विमाने थांबली, टेलिफोन मुके झाले. इथिओपियाने एरिट्रियन वंशाच्या सुमारे पाऊण लाख माणसांना देशाबाहेर काढले. एरिट्रियातल्या हजारो इथिओपियनांनाही घरेदारे सोडावी लागली. डिसेंबर २००० मध्ये अल्जिअर्सला तह झाला खरा, पण विमान काही सुटले नाही.

मग ज्याला जायचेच असेल त्याने काय करावे? आधी परवाने मिळवावेत. तीच मोठी अडचण! ते मिळालेच, तर दुबई किंवा कैरो गाठून तिथे विमान बदलावे आणि उलटे मागे यावे. ७०० किलोमीटरसाठी चार-साडेचार हजार किलोमीटरांची पायपीट, तीही आकाशातून. नागपूरला दिलेल्या मुलीने मुंबईच्या माहेरी मस्कतवरून यावे, तसाच हा प्रकार. इतका पैसा कितीजणांच्या गाठीला असणार? आईचे दुखणे, बहिणीचे बाळंतपण तिसऱ्याच देशातल्या एखाद्या नातेवाइकामार्फत कळायचे.

अशी वीस वर्षे गेली. ९ जुलै २०१८ रोजी इथिओपियाचे पंतप्रधान आबी अहमद आणि एरिट्रियाचे अध्यक्ष इसायास आफवर्की यांनी अस्मारात युद्धसमाप्तीच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. टेलिफोन सुरू झाले, तेव्हा काही लोकांनी नुसते मनाला येतील ते आकडे फिरवून पलीकडच्या अनोळखी माणसांशी गप्पा मारल्या! १८ जुलैला पहिले विमान निघाले. गर्दी इतकी की पाठोपाठ दुसरेही सोडावे लागले. प्रवाशांना गुलाबाची फुले दिली होती. अस्माराच्या विमानतळावर कुणी गुडघे टेकून जमिनीचे चुंबन घेतले, तर कुणी ताटातूट झालेल्या आपल्या माणसांच्या गळ्यात पडून रडले.

सहा वर्षे ही वाट चालली. मग ३ सप्टेंबर २०२४ पासून, परिस्थिती आपल्या आवाक्याबाहेरची आहे असे सांगून, कंपनीने अस्माराची विमाने थांबवली. तिकिटे काढून बसलेल्यांना पैसे परत घ्या म्हटले, नाही तर दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांनी पाठवतो म्हटले. म्हणजे पुन्हा तिसऱ्या देशावरून.