फलक रंगविणाऱ्या हातांसाठी

चौदा एप्रिल जवळ आला की आपल्या वस्तीत फलक रंगविणारा हात शोधला जातो. बाबासाहेबांची मुद्रा, धम्मचक्र, निळ्यावर पांढरी अक्षरे; त्या मुलास हे कोणी शिकविलेले नसते. पुढे तोच पोलीस भरतीच्या रांगेत दिसतो, कारण चित्रकलेने पोट भरत नाही, असे घरानेच ठरविलेले असते.

हे मत आम्हांस मान्य नाही. ग्राफिक डिझाइन व दृश्यसंवाद हा आज पदव्युत्तर अभ्यासाचा विषय आहे. मुंबई आयआयटीत १९६९ साली स्थापन झालेल्या आयडीसीमध्ये त्याचा दोन वर्षांचा एम.डेस. अभ्यासक्रम आहे. त्याच्या ‘सीड’ या प्रवेशपरीक्षेस कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, मग तो मराठीचा बी.ए. का असेना. राखीव जागा तेथेही आहेत.

हा अभ्यास म्हणजे नुसती चित्रे काढणे नव्हे. औषधाची मात्रा निरक्षर मातेस चित्रातून कशी उमगावी, इस्पितळातील पाटीने वाट कशी दाखवावी, देवनागरीचे वळण पडद्यावर कसे टिकावे, हे त्याचे प्रश्न. संगणकावरील ‘मंगल’ हा टंक घडविणारे र. कृ. जोशी याच आयडीसीत शिकवीत. आणि १९२० च्या ‘मूकनायक’च्या शीर्षस्थानी तुकोबांचा अभंग छापणाऱ्या बाबासाहेबांनी वाचकाची नजर प्रथम कोठे पडते, हे निश्चित जाणले असावे!

अडचण दोन गोष्टींची: इंग्रजी आणि सराव. परीक्षेचा एक भाग हाताने रेखाटण्याचा असतो. माजी विद्यार्थ्यांनी दरवर्षी दोघांच्या तयारीचा व शुल्काचा भार उचलावा. एलिमेंटरी, इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्यांची नावे कलाशिक्षकांकडे आहेतच.