नम्रता कीं मिंधेपणा ?

देवाची व शेजाऱ्याची सेवा मुकाट्यानें आणि नम्रतेनें करावी, हा उपदेश आमच्या ख्रिस्ती व्यासपीठांवरून जितक्या वेळां होतो तितका क्वचितच दुसरा कोणता होत असेल. उपदेशाशीं आमचें भांडण नाहीं. तो कोण कोणाला करतो, याविषयीं आहे. थकलेलें वेतन मागणाऱ्या परिचारिकेला, मंडळीचा जमाखर्च विचारणाऱ्या सभासदाला नम्रतेचा पाठ दिला जातो, आणि पाठ देणाऱ्याच्या सत्काराचे फलक मात्र फाटकापासून वेदीपर्यंत झळकत असतात! (महाविद्यालयांतही हीच तऱ्हा आहे, पण तो विषय निराळा.)

शास्त्राधार मागितला कीं योहानाच्या तेराव्या अध्यायांतील पाय धुण्याचा प्रसंग पुढें येतो. तेथें गुरूनें शिष्यांचे पाय धुतले, शिष्यांकडून आपले धुवून घेतले नाहींत, हें सोयीस्करपणें विसरलें जातें. शिवाय त्याच रात्रीची हकीकत अठराव्या अध्यायांत पुढें चालते, ती वाचण्याचे श्रम कोण घेतो? महायाजकासमोर शिपायानें चपराक मारली तेव्हां येशूनें मान खालीं घातली नाहीं. आपल्या बोलण्यांत वावगें काय होतें, याचा त्यानें त्या शिपायाकडे जाब मागितला. पाय धुणारा आणि जाब विचारणारा हे दोन निराळे पुरुष नव्हेत.

पंडिता रमाबाईंचेंच पाहा. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि लवकरच आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशीं त्यांचा पत्रांतून वाद जुंपला. वरिष्ठांनीं सांगितलें एवढ्याच कारणास्तव एखादें मत स्वीकारण्यास रमाबाई तयार नव्हत्या. बाई गर्विष्ठ आहे, असा ठपका आला. हीच ‘गर्विष्ठ’ बाई १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत गेली, सुमारें तीनशें मुलीबायका घेऊन आली, आणि केडगांवास त्यांची आई होऊन राहिली. पुढें हिब्रू व ग्रीक शिकून, अडाणी बायकांनाही कळेल अशा मराठींत अख्खें बायबल उतरविण्यांत तिनें उतारवयाचीं वर्षें वेंचलीं. १९२२ सालीं देह ठेवीपर्यंत हें काम चालू होतें. रेव्हरंड टिळकांनींही १९१७ सालीं अमेरिकन मराठी मिशनची चाकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उघडला, व त्यांत बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा दिली. हीं माणसें दुबळ्यांपुढें वांकलीं, सत्तेपुढें नव्हे. आज आम्हांस उलट वांकण्याची संथा दिली जात आहे.

आमच्या संभाजीनगरापासून जवळच, जालन्याशेजारीं, नारायण शेषाद्रींनीं एकोणिसाव्या शतकांत बेथेल वसविलें. जन्मानें ब्राह्मण असलेल्या त्या गृहस्थाचें नांव इतिहासांत राहिलें, तें योग्यच झालें. पण मराठवाड्याचीं खेडीं पायीं तुडविणाऱ्या बायबलबायांचीं व उपदेशकांचीं नांवें कोणत्या दगडावर कोरलीं आहेत? त्यांनीं तीं कोरून मागितलीं नाहींत, हें खरें. म्हणून आम्हीं तीं लिहूनही ठेवूं नयेत काय?

येत्या पवित्र गुरुवारीं जेथें जेथें पाय धुण्याचा विधि होईल, तेथें बारा जण निवडतांना आवार झाडणाऱ्या बाईची आठवण होते कीं नाहीं, आणि पाणी ओतण्याआधीं तिचा थकलेला पगार चुकता होतो कीं नाहीं, एवढें आम्हांस पाहावयाचें आहे.