उपनगरांतल्या बेने इस्राएल कुटुंबांना जाहीर आवाहन : मोठ्यांनीही शिकायला बसावं



मागणं एकच आहे. येत्या नव्याच्या सणानंतर, म्हणजे रोश हशानानंतर, आपल्या प्रत्येक घरातल्या निदान एका मोठ्या माणसाने हिब्रू, तोरा आणि आपल्या समाजाचा इतिहास शिकायला बसावं. मुलांना पाठवा, असं सांगायला हे लिहिलेलं नाही. मुलांसाठी आपण बार मित्झवाच्या आधी शिकवणी लावतोच. हे आवाहन त्या मुलांच्या आईवडिलांसाठी आहे, काका-आत्यांसाठी आहे, नुकत्याच निवृत्त झालेल्यांसाठी आहे आणि ‘आता या वयात काय शिकणार’ म्हणणाऱ्या आजी-आजोबांसाठी तर आहेच.

रोश हशाना आणि योम किप्पूरला सिनेगॉगमध्ये पाय ठेवायला जागा नसते. लग्नाआधीच्या मेंदीला, मलिद्याला सगळं गणगोत लोटतं. पण साध्या शब्बाथला मिन्यानचे दहा पुरुष भरेपर्यंत दाराकडे डोळे लावून बसायची पाळी येते, फोनाफोनी करावी लागते. आणि दहा भरले तरी खरी अडचण पुढेच असते. त्या दहांतल्या किती जणांना समोर चाललेलं वाचन समजतं?

कद्दिशचं उदाहरण घ्या. वडील गेले की मुलगा सिनेगॉगमध्ये येतो आणि त्याच्या हातात देवनागरीत लिहिलेला एक कागद दिला जातो. ही प्रार्थना बहुतांशी अरामी भाषेतली. देवनागरीत आलेफ आणि आयिन सारखेच दिसतात, जोडाक्षरं जिभेवर अडखळतात. मुलगा भरल्या गळ्याने कसाबसा शेवटपर्यंत पोचतो, बाकीचे ‘आमेन’ म्हणतात. आपण काय म्हटलं हे त्याला ठाऊक नसतं. कद्दिशमध्ये मृत्यूचा उल्लेखसुद्धा नाही, ती मुख्यत्वे देवाच्या नावाची थोरवी आहे, एवढं जरी त्याला कुणी आधी सांगितलं असतं तरी त्या दिवशी त्याला केवढा आधार वाटला असता! देवनागरीतला तो कागद टाकून द्या, असं मी मुळीच म्हणत नाही. त्या कागदाने पिढ्या तारल्या आहेत. पण वडिलांच्या वर्षदिनापर्यंत तो कागद बाजूला ठेवून सिद्दूरमधून, प्रार्थनेच्या पुस्तकातून, वाचता येणं कुणालाही जमण्यासारखं आहे. बावीस अक्षरं, त्यांतल्या पाचांची शब्दाच्या शेवटी बदलणारी रूपं आणि स्वरांच्या खुणा, एवढाच तो पसारा आहे.

सेफेर तोराचं वाचन मात्र याहून अवघड. चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या त्या गुंडाळीत स्वरांच्या खुणा नसतात, विरामचिन्हं नसतात, चालीच्या खुणाही नसतात. वाचणारा छापील प्रतीवरून आठवडाभर तयारी करतो, शब्द आणि चाल तोंडपाठ करतो आणि मगच शब्बाथला चांदीच्या यादने ओळीवर बोट ठेवल्यासारखं वाचत जातो. चुकला तर शेजारी उभा असलेला त्याला थांबवतो आणि शब्द पुन्हा म्हणायला लावतो. हे काम करणारे हझ्झान आज थोडे आहेत, आणि त्यांच्यामागे कोण उभं राहणार हे विचारायची वेळ आली आहे.

आपल्या समाजात रब्बींची परंपरा नव्हती, हे विसरून चालणार नाही. दुसऱ्या देशांतल्या यहुद्यांकडे रब्बी घडवणाऱ्या मोठमोठ्या येशिवा होत्या. आपण अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागलो आणि कोकणातल्या गावोगाव पांगलो. तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक आपल्याला शनिवार तेली म्हणत. शेमा, सुंता, शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे नियम यांवर आपण शतकानुशतकं तग धरली. परंपरा सांगते की डेव्हिड राहाबी यांनी आपल्याला यहुदी म्हणून ओळखलं, शिकवलं आणि तीन घराण्यांतल्या माणसांना काजी म्हणून तयार केलं. नंतर मुंबईत सॅम्युएल यहेज्केल दिवेकर यांनी 1796 साली शआर हराहमीम सिनेगॉग बांधलं. मस्जिद स्टेशनाजवळचं, ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखलं जाणारं हे सिनेगॉग आजही आहे. दिवेकर होते लष्करी माणूस. पुढे कोचीनच्या यहुदी शिक्षकांनी येऊन प्रार्थना शिकवल्या, आणि शिकायला बसले ते शिपाई, सुतार, कारकून. सगळे प्रपंचातले.

एकोणिसाव्या शतकात या शिकण्याला जी भरती आली तिची आज नीट आठवणही आपल्याला राहिलेली नाही. जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. 1874 साली पुण्यात तळकरांनी पेसाहची सचित्र हग्गादा मराठी भाषांतरासह काढली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 साली इस्रायली शाळा सुरू केली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. आणि 1880 साली आपल्या पूर्वजांनी कीर्तनाचं मंडळ काढलं! अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा ते साकी-दिंडीच्या चालींवर, पेटीच्या साथीने मराठीत सांगू लागले. ज्या बाईला आलेफसुद्धा ओळखता येत नव्हतं तिला योसेफाची अख्खी गोष्ट कीर्तनातून पाठ होत होती. प्रौढांना धर्म शिकवायची इतकी देखणी रीत दुसऱ्या कुठल्या यहुदी समाजात असेल असं मला वाटत नाही, आणि ती आपण गमावत चाललो आहोत याचं मला फार वाईट वाटतं.

बायकांचं योगदान तर वेगळं सांगायला हवं. रेबेका रूबेन यांनी 1922 ते 1950 अशी जवळजवळ तीन दशकं कदूरी शाळा चालवली. डॉ. जेरुशा झिराड या कामा हॉस्पिटलच्या नामांकित डॉक्टर. त्यांच्या पुढाकाराने 1925 साली मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन उभी राहिली आणि बायका पुरुषांच्या बरोबरीने प्रार्थनेला बसू लागल्या. त्या काळी त्यावर टीका झाली, आजही सगळ्यांना ते पटत नाही. पण शिकणं हा बायकांचाही हक्क आहे यावर आता कुणाचं दुमत नसावं.

1948 नंतर हजारो कुटुंबं इस्रायलला गेली. त्यांच्यात हझ्झान होते, कीर्तनकार होते, हिब्रूचे शिक्षक होते. त्यांना तिथे नवं आयुष्य मिळालं, 1964 साली झगडून बरोबरीचा दर्जा मिळाला, याचा आपल्याला अभिमानच आहे. इथे मात्र शिकवणारी फळी एकदम विरळ झाली. राहिलेल्यांनी मांडवी, उमरखाडी, भायखळा, आग्रीपाडा सोडून उपनगरांत आणि ठाण्यात घरं केली. जुनी सिनेगॉगं राहिली तिकडे आणि माणसं आली इकडे. बोरिवलीहून सात रस्त्याच्या तिफेरेथ इस्राएलला जायचं तर लोकलने महालक्ष्मी गाठायचं आणि पुढे टॅक्सी. शब्बाथला गाडीत बसावं की नाही यावर तर घरोघरी वेगळी मतं. म्हणून शिकण्यासाठी रविवार धरावा, असं सुचवते.

मुलुंडकरांना ठाणं एकाच स्टेशनावर आहे, टेंभी नाक्याचं 1879 सालचं शआर हश्शामाइम त्यांना अगदी हाकेच्या अंतरावर. घाटकोपरहून कुर्ल्याचं प्रार्थनागृह दोन स्टेशनांवर. अंधेरी आणि घाटकोपर मेट्रोने जोडले गेल्यापासून पश्चिमेचा आणि पूर्वेचा माणूस अर्ध्या तासात एकमेकांकडे पोचतो. सिनेगॉगपर्यंत येणं जमत नसेल त्यांनी आपल्या हॉलमध्ये चार कुटुंबांना बोलवावं. ज्या घरी मेझुझा आहे ते घर शिकायला पुरेसं आहे.

शिकायचं कसं? अर्धा तास अक्षरं आणि प्रार्थनेचं वाचन. मग त्या आठवड्याचा पाराशा, म्हणजे तोराचा नेमलेला भाग, मराठीतून वाचायचा आणि त्यावर बोलायचं. यहुद्यांमध्ये जोडीने शिकायची जुनी पद्धत आहे, हेवरुता. दोघांनी एकच उतारा समोर ठेवून वाचायचा, एकमेकांना प्रश्न विचारायचे, हुज्जत घालायची. मोशेने खडकावर काठी मारली म्हणून त्याला वचनदत्त देशात जायला मिळालं नाही, हे न्याय्य होतं का? असा एक प्रश्न टाकला की बँकेतून निवृत्त झालेला माणूस आणि कॉलेजातली मुलगी तासभर भांडू शकतात, आणि दोघंही तो उतारा जन्मभर विसरत नाहीत. शेवटी एखादं गाणं किंवा जुन्या कीर्तनातलं पद. चहा तर होणारच.

जगभरचे यहुदी मोठेपणीही शिकतात. तालमूदचं रोज एक पान वाचण्याचा उपक्रम 1923 पासून अखंड चालू आहे. एकूण 2711 पानं, म्हणजे साडेसात वर्षं, आणि संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून. त्यात दुकानदार आहेत, वकील आहेत, रोज रेल्वेने कामाला जाणारे आहेत. रब्बी अकिवा चाळिशीला आले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. ते आपल्या लहान मुलाशेजारी बसून आलेफ-बेथ शिकले, अशी आख्यायिका आहे. आपल्याला एकदम तालमूद नको. आठवड्याला एक पाराशा पुष्कळ झाला.

घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना माझी खास विनंती. तुम्हाला शिकायचं आहे तसंच शिकवायचंही आहे. काळ्या मनुका भिजत घालून, कुस्करून, गाळून किद्दुशचं शरबत कसं करायचं, हे आता कितीजणींना येतं? दारफाळणीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण, अनशी ढाकाचा सण ही नावं आणि त्यांच्यामागच्या रिती तुम्हालाच सांगता येतील. मलिद्याचे गोड पोहे, नारळ, फळं मांडताना एलियाहू हन्नावीची कोणती गाणी म्हणायची, कुठल्या आशीर्वादाने कोणतं फळ उचलायचं, हे सगळं एखाद्या रविवारी वर्गात करून दाखवा. तरुण मंडळींनी ते मोबाइलवर टिपून ठेवावं. शब्बाथला आणि सणाच्या दिवशी नव्हे, एवढं फक्त पाळा.

कपाटं उघडा. आजोबांची मराठी-हिब्रू हग्गादा, कीर्तनाच्या हस्तलिखित वह्या, जुनी मासिकं, लग्नाचे केथुबा, कुणाच्या तरी पेटीत अजून असणार. घर बदलताना किंवा इमारत पुनर्विकासाला जाताना हा ऐवज रद्दीत जातो. कृपा करून जाऊ देऊ नका. जे वाचण्याजोगं आहे ते सिनेगॉगमध्ये आणा, आपण त्याचे फोटो काढून मूळ प्रत तुम्हाला परत करू. देवाचं नाव असलेली आणि अगदी जीर्ण झालेली पुस्तकं धर्माप्रमाणे पुरायची असतात, तीही आणून द्या. उपनगरांतल्या रद्दीवाल्यांना आणि जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांनाही विनंती आहे : उजवीकडून डावीकडे लिहिलेली चौकोनी अक्षरं आणि खाली मराठी, असं पुस्तक हाती आलं तर जवळच्या सिनेगॉगला कळवा.

काहीजण संकोचाने मागे राहतात हे मला माहीत आहे. कुणी म्हणतं, मी कोशेर पाळत नाही. कुणाचा जोडीदार दुसऱ्या धर्मातला आहे. कुणी वर्षानुवर्षं सिनेगॉगची पायरी चढलेलं नाही. कुणाचं जुन्या कमिटीशी बिनसलेलं आहे. शिकण्याच्या वर्गात यांतलं काहीही विचारलं जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. प्रार्थनेचे नियम प्रत्येक सिनेगॉगचे वेगळे असतील, ते तिथे पाळू. पुस्तकासमोर सगळे सारखेच. शेजारपाजारच्या ज्या मित्रांना आपला धर्म जाणून घ्यायचा आहे तेही येऊन बसले तर आनंदच आहे. कोकणात आपण शेकडो वर्षं शेजाऱ्यांच्या मायेतच राहिलो. मुंबईवरच्या 2008 च्या दहशतवादी हल्ल्यानंतर सिनेगॉगच्या दाराशी पोलीस असतात, तेव्हा नवीन येणाऱ्यांनी आधी कळवावं आणि ओळखपत्र बरोबर ठेवावं.

शिकवू शकणाऱ्यांनी पुढे यावं. ज्यांना हिब्रू वाचता येतं त्यांनी महिन्यातले दोन रविवार द्यावेत. कीर्तनाची पदं येणाऱ्यांनी गळा बसला आहे ही सबब सांगू नये. इस्रायलला गेलेल्या आपल्या नातेवाइकांनी व्हिडिओ कॉलवरून एखादा पाराशा समजावून दिला तर फार मोठी मदत होईल. तिथे मराठी अजून बोलली जाते, मराठीत नियतकालिकही निघालं आहे.

सिमहाथ तोराला तोराचं वाचन संपतं आणि लगेच बेरेशीथपासून पुन्हा सुरू होतं. आपला वर्ग त्याच आठवड्यात सुरू करू या. आपण ज्या सिनेगॉगचे सभासद आहात तिथल्या गब्बाईंकडे किंवा विश्वस्तांकडे, योम किप्पूरच्या आधीच, आपलं नाव, राहण्याचं उपनगर आणि कोणता रविवार सोयीचा आहे ते लिहून द्या. घरी वर्ग घ्यायची तयारी असेल तर तेही लिहा. एका उपनगरात चार नावं आली तरी तिथे वर्ग सुरू करा, पाचव्याची वाट पाहू नका.