वर चढावे, खाली उतरू नये

मोठ्या लढतीसाठी बॉक्सरने वजनगट बदलावा का? वर चढायचे असेल तर जरूर बदलावा, खाली उतरायचे असेल तर दहादा विचार करावा. कुस्तीतला दाखला घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला कुस्तीच्या ५२ किलो गटात सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात उतरले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन परतले. बॉक्सर मेरी कोमपुढे तर दुसरा मार्गच नव्हता. २०१२च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा सर्वांत हलका गट ५१ किलोचा, आणि तिची तोवरची जगज्जेतेपदे ४५ ते ४८ किलोंतली. ४८ ते ५१ हे तीन किलो कागदावर किरकोळ दिसतात. रिंगमध्ये समोरचीचा हात लांब असतो, ठोसा जड बसतो. निकोला अ‍ॅडम्सकडून उपांत्य फेरीत हरूनही मेरीने कांस्य मिळवले. उतरणीची गोष्ट निराळी. चरबी संपली की अंगातले पाणी काढतात, आणि असे सुकलेले शरीर घेऊन डोक्यावर ठोसे झेलणे जिवावर बेतू शकते. पॅरिस ऑलिंपिकला ५३ किलोंची कुस्तीगीर विनेश फोगाट ५० किलोंत खेळली, अंतिम फेरीत पोचली आणि १०० ग्रॅमांनी अपात्र ठरली. तिच्या दिमतीला डॉक्टर तरी होते. कराडच्या पोरांना ते मिळतीलच असे नाही. २०१२ साली लंडनला स्त्रियांच्या बॉक्सिंगचे तीनच गट होते, पॅरिसला सहा झाले. ते आणखी वाढवायला हवेत.